होड्या थांबल्या तो शुक्रवार

इथले अनुभव मी गेली दोन वर्षं नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसतो... पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. कोणी दिसलं नाही, रात्र नव्हती, भर दुपारचे अडीच वाजले होते. मी केमिस्ट्रीचा माणूस, सगळी नोकरी लॅबमध्ये गेली. जे मोजता येत नाही ते रिपोर्टात लिहायचं नाही ही हाडात मुरलेली सवय. म्हणून हे इतकी वर्षं बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि "ऊन लागलं असेल तुम्हाला" म्हणून कुकर लावायला गेली.

साल १९८४. मी सव्वीस वर्षांचा, कराडकडचा, बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात नुकताच लागलेला. बोईसरमध्ये तेव्हा खोली मिळणं म्हणजे दिव्य होतं. एका खोलीत आम्ही सहा जण, बाकीचे पाचही उत्तरेकडचे, दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. महिनाभर कसाबसा काढला. मग कारखान्यातल्या एका फिटरनं त्याच्या मावशीकडे खोली बघून दिली. स्टेशनहून एस.टी.नं पाम गाव मागं टाकायचं आणि सरळ समुद्रापर्यंत जायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या गोष्टीतली माणसं आता नसली तरी त्यांची मुलं अजून तिथंच आहेत.

खाडीच्या तोंडाशी वसलेलं जुनं बंदर होतं ते. पोर्तुगीजांच्या वेळचं, असं सगळे सांगायचे. किल्ला म्हणून एक बुरूज आणि पन्नास पावलं भिंत उरली होती. शेजारी जकातीचं घर, त्याला छप्पर नाही, आत बायका जाळी ठेवायच्या. धक्क्यावर एक तोफ तोंड खाली करून अर्धी पुरलेली, आणि तिला होड्यांचे दोर बांधलेले. बाहेरचं कोणी बघायला आलं तर पाच मिनिटांत बघून परत जाईल एवढंच. मी दीड वर्ष बघत होतो.

मला तिथं फार एकटं वाटायचं. हे सरळच लिहितो. आमची सुट्टी शुक्रवारी. गावात शुक्रवारी कोणालाच सुट्टी नसते. पुरुष समुद्रावर, बायका पहाटेपासून मासळीच्या मागं, पोरं शाळेत. घरमालकीण कमळाबाय, म्हणजे फिटरची मावशी, स्वभावानं लाख माणूस, पण तिला बोलायला उसंत नसायची. मला "भाऊ" म्हणायची आणि रविवारी चुकून "आज सुट्टी ना रं?" विचारायची. गावची बोली पहिले चार महिने मला अर्धीच कळायची. कराडला पत्र लिहायला बसलो की दोन ओळींत संपायचं... इकडे सर्व ठीक, समुद्र रोज दिसतो.

म्हणून मी चालायचो. खोलीतून निघून बुरुजाला वळसा, मग ओहोटीच्या ओल्या वाळूवरून उत्तरेला खडकांपर्यंत, तिथून सुरूच्या बनात शिरून परत वाड्यांमधून, आणि शेवटी मिठागराच्या बांधावरून गावात. अडीच तास लागायचे. वाटेत बगळे, खेकडे, वाडीत माडाला पाणी लावणारा एखादा माणूस, बस्स. लांब उत्तरेला अणुकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, तेवढीच माझ्या ओळखीची गोष्ट.

बुरुजावर दुपारी एक म्हातारा बसलेला असायचा. धाकूबाबा. सत्तरीचा, काटक, गावाबाहेर सुरूच्या बनाच्या कडेला एकटा राहायचा आणि बनातली सुकी लाकडं गोळा करून चहाच्या टपरीला द्यायचा. एकदा मी पाय घसरून शेवाळावर बसकण मारली तेव्हा वरून हसला आणि म्हणाला, समुद्र बघत चालायचं नाय, पाय बघत चालायचं. तेव्हापासून शुक्रवारी खडकांपर्यंत माझ्याबरोबर यायला लागला. त्यानंच मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता भरती. मी वहीत महिनाभर नोंदी ठेवल्या आणि त्याला दाखवलं की तुमचं गणित अर्ध्या तासानं चुकतं. त्यानं वही बघितलीसुद्धा नाही. "तेवढं समुद्राला द्याचं," म्हणाला.

गावात त्याच्याशी कोणी भांडत नव्हतं, पण कोणी बोलतही नव्हतं. लग्नाच्या मांडवात त्याला मी कधी बघितलं नाही. कमळाबायला विचारलं तर ती म्हणाली, जुनी गोष्ट हाय, आणि सुपातले कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, पाखडत बसली.

ती जुनी गोष्ट मग त्यानंच सांगितली, त्या शुक्रवारच्या तीन दिवस आधी, मी पहिल्या पाळीहून लवकर आलो होतो तेव्हा. ती कळायला गावची एक रीत माहीत हवी. गावात कोणी वारलं की गावचा शिपाई पत्र्याचा डबा वाजवत गल्लीगल्लीतून दवंडी देतो... अमका अमक्याचा वारला, आज होड्या जायच्या नाहीत. मग मयत गरिबाची असो की श्रीमंताची, त्या दिवशी बंदरातून एकही होडी सुटत नाही. मी दोनदा ऐकली होती ती दवंडी. नाव घेताना बापाचं नावही घेतात.

धाकूबाबा तेव्हा चाळिशीचा, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. गावच्या कारभाऱ्याची, हरीनानाची, आई वारली आणि दवंडी फिरली. पण धाकूबाबाची कोरी जाळी समुद्रात खुंटांना बांधलेली होती आणि वारं वाढत होतं. दिवसभर राहिली असती तर चिंध्या झाल्या असत्या. हा गेला. जाळी वाचवून परत आला तेव्हा लोक मयत पोचवून वाळूवरून परतत होते. सगळ्या गावानं त्याची होडी आत येताना बघितली. हरीनानानं तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं की तू मरशील तेव्हा एक होडी थांबणार नाही. हा माफी मागायला गेला नाही. आधी गुर्मी होती म्हणून, आणि नंतर उशीर झाला म्हणून.

"मग माझी बायको गेली," तो म्हणाला. "काळोखात गेली, पहाटंची भरती. मी शिपायाला सांगणं धाडलं. दवंडी फिरली तवा होड्या खाडीच्या भायेर पडल्या होत्या. मी बुरुजावरून बघत व्हतो."

मी विचारलं, उशीर झाला की मुद्दाम केला?

"इचारलं नाय."

"का?"

"इचारलं असतं तं कोनी सांगितलं असतं."

मग म्हणाला, बायकोचं झालं ते झालं, आता आपलं काय होतं ते तेवढं मनात येतं. आणि ते आपल्याला बघायला मिळणार नाही, हेच बरं.

आता तो शुक्रवार. मार्चचा पहिला पंधरवडा, आभाळ स्वच्छ. पंचमी होती, म्हणजे पावणेचारला भरती, समुद्राचं अर्ध्या तासाचं देणं धरून सव्वाचार. होड्या पाणी भरल्यावरच खाडीतून सुटतात, म्हणजे सगळ्या तेव्हा निघणार. बुरुजावर धाकूबाबा नव्हता. मला जरा चुकल्यासारखं झालं, पण एकटाच फेरी मारून आलो. मिठागराच्या बांधावरून उतरून किल्ल्याच्या भिंतीलगतच्या बोळात शिरलो तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. मी घड्याळ बघितलं होतं, कारण ते बंद पडायची सवय होती आणि मी सारखा बघायचो.

बोळाच्या पुढच्या वळणाआडून डबा वाजला. दोनदा. मग आवाज –

"ऐका होऽ... धाकू जोमा वारला होऽ... आज होड्या जायच्या नाय होऽ..."

परत डबा, दोनदा. परत तेच शब्द, जरा लांबून. बोंबील वाळत घालायच्या जागेकडे आवाज गेला आणि थांबला. शिपायाचाच आवाज होता, घसा बसल्यासारखा, मी आधी दोनदा ऐकलेला. वळणापर्यंत पंधरा पावलंही नव्हती. मी गेलो नाही. भिंतीला टेकून खाली बसलो.

इथं माझी चूक झाली, ती आधी कबूल करतो. मी उठून सरळ त्याच्या घरी जायला हवं होतं. गेलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण त्या गावात माझ्याशी पोटातलं बोलणारा तो एकच माणूस होता, आणि तो आत एकटा पडलेला असेल तिथं एकट्यानं जायची माझी छाती झाली नाही. मी कमळाबायकडे गेलो.

ती अंगणात बोंबील उलटे करत होती. तिनं दवंडी ऐकली नव्हती. माझा चेहरा बघून उठली आणि शिपाई काय म्हणाला ते नेमकं सांग म्हणाली. मी सांगितलं.

"जोमा म्हनला?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिला क्षणभर आठवावं लागलं. मग म्हणाली, बरोबर, माझी सासू जोमाचा धाकूच म्हणायची त्याला. टोपली तिथंच टाकून ती बंदरावर गेली आणि मी तिच्या मागून.

पाणी चढत होतं. चाळीसेक होड्या, निम्म्यांची इंजिनं चालू झालेली, बर्फ भरून झालेला. कमळाबायनं आधी नवऱ्याला सांगितलं, त्यानं शेजारच्या होडीला. बातमी हरीनानापर्यंत पोचली. तोही आता सत्तरीला आला होता, मुलाच्या होडीला हात लावून गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याचा मुलगा म्हणाला, त्याच्यासाठी कशाला थांबायचं, तुम्हीच बोलला होता ना. सगळे ऐकत होते. हरीनाना खाली पाण्याकडे बघत राहिला.

"मी बोललो व्हतो," तो म्हणाला. "आता तो बी गेला. इंजिन बंद कर."

मुलानं बंद केलं. मग शेजारच्यानं. एकेक करत सगळी बंद झाली आणि मला पहिल्यांदाच त्या धक्क्यावर नुसत्या पाण्याचा आवाज ऐकू आला. दोर परत तोफेला बांधले. माणसं पाण्यातून बाहेर आली, कोणी घरी जाऊन टॉवेल घेऊन आलं, कोणी बांबू आणि सुतळी. सगळं गाव सुरूच्या बनाकडे चालायला लागलं. मी मागं होतो. मी रडत होतो, हेही लिहितो.

धाकूबाबाच्या दाराला बाहेरून कडी होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात उत्तरेकडून वाळूवरून तो येताना दिसला, डोक्यावर लाकडांचा भारा. त्या दिवशी बनात जवळपास लाकूड मिळालं नाही म्हणून लांब गेला होता, एवढंच. दारात सगळं गाव बघून तो थबकला. भारा खाली ठेवला.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

कमळाबायनं पदर तोंडाला लावला. त्यानं परत विचारलं, कोन गेलं रं? बांबू घेतलेल्या माणसानं तो हळूच मागं लपवला. मग हरीनाना वळला आणि माझ्याकडे बघायला लागला, आणि त्याच्यामागून बाकीचे सगळे.

शिपाई संध्याकाळच्या एस.टी.नं आला. तो सकाळपासून वाणगावला मुलीकडे गेला होता, त्याच गाडीनं आलेल्या चार जणांनी तसं सांगितलं. डबा त्याच्या घरी खुंटीला होता. बोळातल्या एकाही घरानं दवंडी ऐकली नव्हती. तोवर खाडी रिकामी होऊन होड्या चिखलात बसल्या होत्या, म्हणजे भर हंगामात सगळ्या गावाची एक पाळी बुडाली, आणि समुद्रात लावलेल्या जाळ्यांतली मासळी तिथंच सडली. वाळूवर बैठक बसली. मला विचारलं, मी ऐकलं तसं सांगितलं. मग एकानं विचारलं, जोमा हे त्याच्या बापाचं नाव तुला कोणी सांगितलं? मी म्हणालो, दवंडीत होतं, त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. लोक हसले, पण चांगलं हसणं नव्हतं ते. गावात त्या नावाची आठवण असलेली माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या फक्त एकाशी माझी ऊठबस. धाकूबाबानंच मला पढवलं, असं ठरलं. तो समोरच बसला होता. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मला कोणी शिवी दिली नाही, मारलं नाही. फक्त बोलणं बंद झालं. दुकानदार मापून द्यायचा, तोंड वर करायचा नाही. कमळाबाय जेवण आणून ठेवायची आणि डोळे पुसत जायची. महिनाअखेर तिचा नवरा म्हणाला, भाऊ, तुमी बोईसरला बघा आता कुठं तरी. मी आधीच ट्रंक भरून ठेवली होती.

निघायच्या दिवशी धाकूबाबा एस.टी.च्या थांब्यावर आला. इतके दिवस तो माझ्या वाऱ्याला उभा राहिला नव्हता, माझ्यावर आणखी आळ यायला नको म्हणून.

"सगल्या थांबल्या व्हत्या?" त्यानं विचारलं. "चाळीसच्या चाळीस?"

मी म्हटलं, सगळ्या. हरीनानाच्या मुलाची सगळ्यात आधी.

"परत येताना लांबून बघितलं, भरती झाली तरी होड्या बंदरातच. वाटलं, कोन मोठा मानूस गेला." तो हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "माझ्यासाठी खोटं बोललास ना? जोमा कुठून काढलास ते नाय इचारत."

मी म्हणालो, बाबा, खरंच ऐकलं मी. आईची शपथ.

त्यानं माझ्या हातावर थोपटलं, लहान पोराला थोपटतात तसं. "असू दे. बापासाठी पन पोरगा येवढं करत नाय." एस.टी. आली. त्यानं ट्रंक वर चढवायला हात लावला आणि गाडी हलायच्या आत वळून चालायला लागला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. फिटरनं कारखान्यात सांगितलं तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. मी रजा टाकून गेलो. पाऊस कोसळत होता. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, होड्या जेठ महिन्यातच ओढून वाड्यांत ठेवलेल्या, त्यांच्यावर झावळ्या शाकारलेल्या. कमळाबायनं मला घरात घेतलं, चहा दिला. खांदा हरीनानानं दिला, म्हणाली. शिपाई पावसात भिजत दवंडी देऊन गेला, तिनं आणि सगळ्या गावानं ऐकली. मी विचारलं, काय शब्द होते?

"धाकू जोमा वारला हो. बस." मग तिनंच सांगितलं, पावसात होड्यांचं कोण बोलतं, त्या चढलेल्याच असतात.

तेव्हापासून मी हे फार वेळा उलटसुलट करून बघितलं आहे. ऊन म्हणावं, तर मार्चमधलं समुद्रावरचं ऊन ते कितीसं असणार. कारखान्यातले वास म्हणावे, तर मी आदल्या दुपारपासून कारखान्यात गेलो नव्हतो. त्याची गोष्ट ऐकून माझ्या एकट्या डोक्यानं ती दवंडी तयार केली, हे मला सगळ्यात पटतं... पण मग जोमा हे नाव माझ्या डोक्यात कुठून आलं? एका मित्रानं सांगितलं, तुला पुढचं आधी ऐकू आलं. तेही बसत नाही. पुढं जी दवंडी झाली तिच्यात होड्यांचा शब्दच नव्हता. मी ऐकली ती दवंडी कोणी कधीच दिली नाही. तरी ती एका दुपारी सगळ्या गावानं पाळली. याच्यापुढं माझं गणित जात नाही.

आणि ज्याच्यासाठी पाळली तो, मी खोटं बोललो असंच समजून, माझे उपकार मानत गेला.